बार्शी लाइटच्या जुन्या वाटेवर: येडशी-रामलिंग घाटात जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडची मंडळी रामलिंगाला जातात, धबधब्याखाली भिजतात, माकडांना फुटाणे टाकतात आणि परत येतात. याच डोंगरातून बार्शी लाइट नावाची एक रेल्वे जायची, हे नव्या पोरांना ठाऊक नसतं आणि जुन्यांना सांगायला कुणी विचारत नाही. आता थोडेफार लोक विचारू लागलेत. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

ही वाट नेमकी कुठली?

बार्शी आणि येडशी यांच्या मधली. पूर्वी कुर्डुवाडीहून लातूरला जाणारी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, गाडी बार्शीवरून पांगरीकडे यायची, बालाघाटाच्या डोंगरात शिरायची आणि रामलिंग घाटातून येडशीला निघायची. रुंद रुळांची ब्रॉडगेज टाकताना मार्ग बदलला. नवी लाइन बार्शीहून धाराशिव शहरावरून वळसा घेऊन येडशीला येते, त्यामुळे घाटातला जुना तुकडा सुटला. रूळ गेले, गाडी गेली, डोंगरातली वाट राहिली.

येडशीच्या पुढे कळंब रोड, ढोकी, मुरूड आणि लातूर या बाजूला ब्रॉडगेज साधारण त्याच गावांवरून गेली. तिकडे जुनं शोधत बसू नका, तिथे गाड्या धावतात.

तयार ट्रेल आहे का? तिकीट, पार्किंग, बाकडी वगैरे?

नाही. परदेशात जुन्या रेल्वेमार्गावर चालायला, सायकलला, घोड्याला, चाकाच्या खुर्चीला चालेल अशी सपाट वाट बांधतात, दर मैलाला दगड रोवतात, पाण्याचे नळ बसवतात. तसं इथे काहीच नाही. एका मोडलेल्या रेल्वेमार्गाच्या खुणा आहेत आणि भोवती जंगल आहे. तेवढ्यासाठी यायची तयारी असेल तरच या.

मग यायचं तरी कशाला?

रेल्वेची वाट डोंगरातून जशी जाते तसा दुसरा कुठलाच रस्ता जात नाही. बैलगाडीचा रस्ता चढ दिसला की सरळ अंगावर घेतो. रेल्वेला ते झेपत नाही, लोखंडाचं चाक लोखंडावर घसरतं. म्हणून ती डोंगराच्या कुशीकुशीने लांब वळसे घेत हळूहळू उंची गाठते. त्या वाटेवर चालताना दम लागत नाही, बोलत बोलत माणूस वर येतो आणि दरी कधी खाली राहिली ते कळत नाही. जगभर जुन्या रेल्वेमार्गांचे चालायचे रस्ते झाले त्यामागे हे साधं कारण आहे. म्हातारी माणसं आणि लहान लेकरं दोघांनाही ते जमतात.

बार्शी लाइट एवढी नावाजलेली का?

कारण ती प्रयोग म्हणून बांधली होती आणि प्रयोग फळाला आला. एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नोकरीत भारतात आला होता. त्याचं म्हणणं असं की अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरही चांगला माल वाहता येतो, फक्त वजन सगळ्या आसांवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यांवर, सारखं वाटलं पाहिजे. एका आसावर पाच टन, इंजिन असो की डबा. मग रूळ हलके चालतात, भराव अरुंद चालतो, पूल बारके चालतात आणि खर्च आवाक्यात राहतो. आपलं म्हणणं पटवायला त्याने १८९४ साली इंग्लंडात लीड्सजवळ तात्पुरती लाइन टाकून लोकांना दाखवली. त्याचे रूळ मीटरला साधारण १५ किलो भरायचे. आज ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गावर ६० किलोचे रूळ असतात. घाटातली वाट एवढी सडपातळ का, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे.

१८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. पंढरपूर १९०६ मध्ये जोडलं गेलं, लातूर १९११ मध्ये, आणि दुसऱ्या टोकाला मिरज १९२७ मध्ये. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. १९५४ पर्यंत ती खासगी कंपनीची होती, मग सरकारने घेतली. याच काल्थ्रॉपने पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटवर काम केलं आणि पहिल्या महायुद्धात ते वापरलंही गेलं. गडी एका जागी बसणारा नव्हता.

आपल्या बाजूने पाहिलं तर तिचं महत्त्व आणखी वेगळं. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. येडशी, ढोकी, लातूर निजामाच्या राज्यात. म्हणजे घाट चढून आलेली गाडी एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत शिरायची. निजामाची जकात, तिला इकडे करोडगिरी म्हणत, वेगळी आणि नाणंही वेगळं. लातूरची बाजारपेठ वाढली त्यात या लहान गाडीचा मोठा वाटा आहे. लातूरच्या आडतीवर बसणाऱ्या किती जणांना हे आठवतं, देव जाणे.

गाडी बंद कधी पडली?

लातूर ते धाराशिव ब्रॉडगेज २००७ मध्ये सुरू झाली आणि धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ मध्ये. नॅरोगेज त्याआधीच थांबली होती. ब्रॉडगेज झाली नसती तर लातूर-मुंबई एक्स्प्रेस नसती आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आणणारी रेल्वेही नसती. पहिल्या खेपेला टाकीच्या दहा डब्यांतून पाच लाख लिटर पाणी आलं होतं. म्हणून जुन्या गाडीसाठी उगं गळे काढण्यात अर्थ नाही. धाराशिव हे जिल्ह्याचं गाव असून रेल्वेपासून वंचित होतं, ते जोडलं गेलं हे चांगलंच झालं. आपला प्रश्न फक्त मागे राहिलेल्या वाटेचा आहे.

येडशीला कसं यायचं?

सोलापूर-धुळे महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता येडशीत भेटतात, त्यामुळे एसटीची अडचण नाही. धाराशिवहून वीसेक किलोमीटर. लातूर आणि बार्शी दोन्हीकडून गाड्या येत असतात. रेल्वेने यायचं तर येडशीला स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वेळापत्रक बघून निघा. स्टेशनवरून रामलिंगाकडे जायला रिक्षा ठरवावी लागते, आणि परतीचं बोलणं आधीच करून ठेवा.

परवानगी लागते का?

रामलिंगाच्या देवळापर्यंत भाविक रोज जातात, तिथवर प्रश्न नाही. त्यापलीकडे येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. साधारण २२ चौरस किलोमीटरचं, म्हणजे लहानच. पण लहान असलं तरी कायदा तोच, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. आत हिंडायचं असेल तर वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. येडशीत उतरलात की आधी वनविभागाच्या माणसांना भेटा, आपण कोण, किती जण, कुठवर जाणार ते सांगा. एखादा वनरक्षक किंवा गावातला माहीतगार माणूस बरोबर दिला तर नको म्हणू नका. त्याला जेवढी वाट ठाऊक असते तेवढी तुमच्या मोबाइलला ठाऊक नसते.

"गावातली माणसं तर रोज जातात, मग आम्हालाच परवानगी कशाला?" असं कुणीतरी विचारतंच. गावातल्या माणसाला संध्याकाळी घरी यायचं असतं आणि कुठल्या ओढ्यापलीकडे जायचं नाही हे त्याला ठाऊक असतं. तुम्हाला नसतं.

वाघ खरंच आहे का?

डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ आला, ही अफवा नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून तो निघाला आणि शेकडो किलोमीटर शेतं, नद्या, महामार्ग ओलांडत बालाघाटात पोचला. पुढे बार्शी आणि धाराशिवच्या शिवारात त्याने जनावरं मारली, वनखात्याने त्याला पकडायचे बरेच प्रयत्न केले. सध्या काय स्थिती आहे हे निघायच्या दिवशी वनविभागाला विचारा, चहाच्या टपरीवर विचारू नका. तिथे वाघ दर आठवड्याला नव्या गावात दिसतो.

बिबट्याचा वावर तर या डोंगरात आहेच. म्हणून नियम सोपे ठेवा. एकट्याने जायचं नाही, पहाटे उजाडायच्या आत शिरायचं नाही, दिवस मावळायच्या तासभर आधी बाहेर यायचं. लेकरं पुढे पळणार नाहीत हे बघा. कानात हेडफोन घालून चालणाऱ्यांनी बागेत जावं.

कोणत्या दिवसांत यावं?

पाऊस नीट पडला असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर. डोंगर हिरवा असतो, ओढे वाहतात. पण जुनी लाइन बघायला हिवाळा बरा. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून खाली बसतं आणि भराव, खोदकाम, मोऱ्या उघड्या पडतात. शिवाय येता-जाता शेतात हुरडा असतो. एप्रिल-मे मध्ये येऊ नका. चाळिशीच्या पुढचं ऊन, प्यायला पाणी नाही, आणि वणव्याची भीती. बिडी ओढणारा सोबती असेल तर कुठल्याच ऋतूत आणू नका.

रूळच नाहीत, तर जुनी लाइन ओळखायची कशी?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण बघायची खरी गोष्ट तीच आहे.

पहिली खूण वळण. पायवाट आणि गाडीवाट जागच्या जागी वळतात, रेल्वे तशी वळत नाही. एखादी सपाट पट्टी लांबच लांब एकसारखी वाकत गेलेली दिसली की समजा. निघण्याआधी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून येडशीच्या पश्चिमेला बघा, झाडीतून अशी कमान दिसते का ते.

दुसरी खूण खोदकाम आणि भराव यांची जोडी. जिथे डोंगराचं नाक आडवं आलं तिथे ते कापायचं आणि निघालेला मुरूम पुढच्या खोलगटीत भरायचा, अशी रेल्वेची रीत. त्यामुळे दोन्ही बाजूंना मुरमाच्या भिंती लागल्या की थोड्याच अंतरावर तुम्ही बांधासारख्या उंच भरावावर असता. बालाघाटातला खडक सगळा काळा पाषाण, लाव्हाच्या थरांचा. कापलेल्या भिंतीत हे थर उघडे दिसतात, वर मऊ मुरूम आणि खाली घट्ट दगड. शाळेची सहल आणणाऱ्या गुरुजींनी भूगोलाचा तास इथेच घ्यावा.

तिसरी खूण मोऱ्या. भरावाखालून पावसाचं पाणी जायला दगडी मोरी बांधत. वरून चालताना ती कळतही नाही, पण ओढ्याच्या बाजूने दोन पावलं खाली उतरलं की घडीव दगडाचं काम दिसतं. आत शिरू नका. साप आणि मधमाश्या दोघांनाही सावली आवडते.

चौथी खूण खडी. एकाच मापाची फोडलेली काळी खडी मातीत मिसळलेली सापडत राहते. ती खिशात घालून आणायची नाही. लोखंडाचा एखादा खिळा दिसला तर तोही तिथेच राहू द्या. भंगारवाल्यांनी आधीच बरंच नेलं आहे.

सायकल चालेल का?

अभयारण्यात वनविभाग हो म्हणेल तरच. बाहेरच्या तुकड्यांत चालते, पण बाभळीचे काटे असे की साधी ट्यूब तासभर टिकणार नाही. जाड टायर आणि पंक्चरचं सामान हवंच. रस्त्याने बार्शी ते येडशी तीसेक किलोमीटर आहे, तेवढं सायकलवर सहज होतं. तयारीच्या सायकलवाल्यांनी डांबरी रस्त्याने येऊन जुन्या वाटेचा थोडाच भाग पायी बघावा. मोटरसायकल अजिबात नाही. भरावाची कड ढासळते आणि आवाजाने जंगल रिकामं होतं.

गुडघे दुखतात, जमेल का?

चढ म्हणाल तर जमेल. रेल्वेचा चढ हळूहळू वर नेतो, पायऱ्या चढण्यापेक्षा कितीतरी सोपं. त्रास चढाचा नाही, पायाखालच्या सैल खडीचा आणि जिथे पूल किंवा मोरी पडली असेल तिथे ओढ्यात उतरून वर यायचा आहे. काठी घ्या. सहकुटुंब आलात तर आजी-आजोबांना देवळाच्या बाजूचा थोडा सपाट भाग दाखवा, उरलेल्यांनी पुढे जावं. बार्शीपासून येडशीपर्यंत सगळं एका दिवसात चालून काढायच्या पैजा लावू नका.

मधे शेत आडवं आलं तर?

बांधावर माणूस असेल तर राम राम घालून विचारा. नसेल तर पिकातून जायचं नाही, वळसा घ्यायचा. तूर, ज्वारी उभी असताना दहा शहरी माणसं रांगेत घुसली तर पुढच्या दहा जणांना कुणी पाणीही विचारणार नाही.

चालू रुळांवर किंवा रेल्वेच्या पुलावर फोटो काढले तर चालतात का?

नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ब्रॉडगेजची गाडी बार्शी लाइट नाही, ती तुमची सेल्फी होईपर्यंत थांबत नाही.

खाण्यापिण्याचं काय?

पाणी घरूनच, माणशी तीन लिटर. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही किंवा दशम्या बांधून आणल्या तर दुपार उत्तम जाते. येडशीच्या फाट्यावर हॉटेलं आहेत, तिथे चहा-भजी मिळतात. देवळाच्या आसपास खायचं उघड्यावर काढू नका, माकडं पिशवी हातातून नेतात. त्यांना खायला देऊही नका. पुण्य लागत नाही, सवय लागते. प्लॅस्टिक आणलं तेवढं परत न्या.

रामलिंगाचं दर्शन त्याच दिवशी होईल का?

होईल, श्रावण सोडून. श्रावणात, त्यातही सोमवारी, इतकी गर्दी असते की जुन्या लाइनीसाठी येणाऱ्यांनी तो महिनाच टाळावा. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाशी जटायू इथे लढला आणि पडला, रामाने बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, अशी इथली कथा. जटायूची समाधी दाखवतात. दरीतलं देऊळ, वरून पडणारं पाणी आणि गर्द झाडी. जुन्या गाडीने येणाऱ्यांना खिडकीतूनच हात जोडायची सोय होती.

दिवस उरला तर अजून काय बघावं?

तेर बघा, बाकी सगळं नंतर. सातवाहनांच्या काळातलं तगर ते हेच, रोमशी व्यापार करणारं. गोरोबाकाकांचं गावही हेच. लामतुरे संग्रहालयातल्या मातीच्या आणि हस्तिदंताच्या वस्तूंना दोन तास तरी द्या. वेळ असेल तर कसबे तडवळ्याला जा. तिथे १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी आले होते. धाराशिवची लेणी दुसऱ्या दिवसावर ठेवा.

परदेशातल्यासारखी बांधीव वाट इथे होऊ शकेल का?

होऊ शकेल, पण आहे तशी उचलून आणता येणार नाही.

बाहेरची उदाहरणं बघू. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एल्रॉय ते स्पार्टा हा पन्नासेक किलोमीटरचा मार्ग १९६७ मध्ये सायकलसाठी खुला झाला. तीन बोगदे आहेत आणि वर बारीक चुनखडीची कच, डांबर नाही. न्यूझीलंडमध्ये ओटागोचा १५२ किलोमीटरचा मार्ग २००० साली सुरू झाला आणि ओस पडत चाललेल्या गावांना खानावळी, मुक्कामाच्या खोल्या, सायकली भाड्याने देणं असे धंदे मिळाले. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा वाटांना एकच नाव देऊन देशभर काम चालतं. सिंगापूरमधली रेल्वे २०११ मध्ये थांबली आणि भर शहरातून २४ किलोमीटरची हिरवी पट्टी राखली गेली, जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. रूळ काढले, पण पट्टी तोडली नाही. अमेरिकेने तर १९८३ मध्ये कायद्यातच सोय केली की गाडी बंद झाली तरी मार्ग अखंड ठेवायचा, चालायला वापरायचा आणि उद्या रेल्वे हवी झाली तर परत घ्यायचा. रेल्वेची पट्टी एकदा तुकड्यातुकड्यांनी गेली, इथे कुणाचा गोठा, तिथे कुणाची टपरी, की कितीही पैसा ओतला तरी ती पुन्हा जुळत नाही. विदर्भातली 'शकुंतला' नावाची नॅरोगेज गाडी थांबल्यावर लोक ब्रॉडगेज मागत राहिले, ते बरोबरही आहे. आपल्या घाटात ब्रॉडगेज दुसरीकडून गेलीच आहे, म्हणजे तो वादही उरलेला नाही.

इथली अडचण वेगळी आहे. घाटाचा गाभा अभयारण्यात आहे आणि तिथे सिमेंटचे ठोकळे, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट आले तर जंगल मरेल. माझं मत विचाराल तर बांधकाम जवळजवळ नकोच. पडक्या मोऱ्यांची डागडुजी, वाट साफ ठेवणं, दिवसाला ठरावीक माणसं आणि येडशीतली पोरं वाटाडे म्हणून. मराठीत चार पाट्या लावा, त्यावर गाडीचा इतिहास लिहा. एवढ्याला मोठा निधी लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणाला त्यात रस वाटत नाही.

पण ती जमीन शेतकऱ्यांना परत का देऊ नये?

विचारणं रास्त आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांची जमीन लाइनीत गेली त्यांना ते बोचतं. पण रूळ उखडले म्हणून जमीन आपोआप कुणाची होत नाही, आणि लाइनीची पट्टी अरुंद आणि लांब. एकेकाच्या वाट्याला काही गुंठे येणार, तेही खडी मिसळलेले. त्याच पट्टीवरून शेतात जायचा रस्ता झाला तर सगळ्या शिवाराला उपयोग. गावकऱ्यांना धरून बोलणी केली तर मार्ग निघेल, मंत्रालयातून नकाशा पाठवला तर नाही निघणार.

ड्रोन उडवू का? कुत्रं आणू का? रात्री तंबू ठोकू का?

अभयारण्यात तिन्ही नाही. मुक्काम धाराशिव किंवा बार्शीत करा, दोन्हीकडे लॉज आहेत.